नकार लिहून देऊ नका, पदभार घ्या

तुमचा प्रश्न असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत तुम्ही चोवीस वर्षं शिकवता. मुख्याध्यापक सर ३१ मेला निवृत्त होतायत आणि सेवाज्येष्ठता यादीत पुढचं नाव तुमचं आहे. तरी संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला, "मॅडम, कशाला ही डोकेदुखी? बाईमाणसाला झेपत नाही. नकार लिहून द्या, तुमच्या खालच्या सरांना करू." घरचेही म्हणतात, नीट विचार कर. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: लिहून द्यावं का, खुर्चीत बसले तर माझं कुणी ऐकेल का, आणि बाई मुख्याध्यापक झाली म्हणून शाळेत खरंच काही बदलतं का.

तारीख जवळ आली आहे, म्हणून पहिल्याचं उत्तर आधी. लिहून देऊ नका. "बघते", "घरी विचारून सांगते" असंही म्हणू नका. त्या कार्यालयात याचा अर्थ "मॅडम तयार झाल्या" असाच धरतात.

एवढं ठासून सांगते, कारण तो कागद मी स्वतः एकदा लिहून दिला आहे. मार्चअखेर होती. संस्थेच्या कार्यालयात मला दुपारी बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि लिपिकाने एक कोरा फुलस्केप कागद पुढे सरकवला. टाइप केलेला चालत नाही, स्वतःच्या अक्षरात लागतो, म्हणून तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. "मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाखाली न येता, घरगुती अडचणीमुळे मुख्याध्यापक पदावरील माझा हक्क सोडत आहे." माझ्या घरी तेव्हा कसलीही अडचण नव्हती. मुलगी आठवीत होती, सासूबाई हिंडत्याफिरत्या होत्या. तुमची अडचण काय आहे, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. ते शब्द आधीपासून ठरलेले होते. 'स्वखुशीने' मधला 'ख' जरा पुसट उमटला होता, तो त्यांनी मला पुन्हा गिरवायला लावला. पुढची जागा रिकामी व्हायला सहा वर्षं गेली. मध्ये जे सर मुख्याध्यापक होते ते माणूस म्हणून चांगले होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली की तो 'ख' आठवायचा.

आता नियम. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. मुख्याध्यापकाची जागा भरताना पात्रता असलेल्या आणि सेवेची नोंद समाधानकारक असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला नेमायचं, असं त्यात आहे. "झेपेल का" हा निकष त्यात नाही. ज्येष्ठाला डावलून दुसऱ्याला नेमायचं तर त्या ज्येष्ठाने आपखुशीने हक्क सोडल्याचं लिहून द्यावं लागतं. तुमच्याकडून तो कागद हवा आहे तो एवढ्याचसाठी. तो नसेल तर त्यांचा मार्ग अडतो. तुमची काळजी वाटून कुणी तो मागत नाहीये, हे मनात पक्कं धरा. (अल्पसंख्याक संस्थांचं गणित वेगळं असतं, तुमची संस्था तशी असेल तर आधी ते तपासा.)

म्हणून या आठवड्यात एक साधं पत्र लिहा: "सेवाज्येष्ठतेनुसार मुख्याध्यापक पदाची जबाबदारी स्वीकारण्यास मी तयार आहे." संस्थेला मूळ प्रत, शिक्षणाधिकारी माध्यमिक यांना दुसरी. दोन्हीकडचा आवक क्रमांक आणि शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. सेवाज्येष्ठता यादीची सही केलेली प्रतही काढून ठेवा. संस्थेच्या एकापेक्षा जास्त शाळा असतील तर यादी सगळ्या शाळांची मिळून होते, त्यामुळे आपल्याच शाळेतली यादी बघून निर्धास्त राहू नका. एवढं करूनही डावललं, तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. ही वेळ बहुतेक येणार नाही. आवक क्रमांक पडलेलं पत्र हातात आलं की निम्मी मंडळी थंड होतात.

एक डाव मात्र ठाऊक असू द्या. "मॅडम, मुख्याध्यापक व्हायचं तर मग संस्थेची लांबची शाळा घ्या," असं सुचवतात. नाशिकला फ्लॅट, आणि शाळा एकदम सटाण्याच्या किंवा नांदगावच्या पलीकडे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांच्या बाबतीतही हेच होतं. पदोन्नतीच्या समुपदेशनाला पेठ, सुरगाण्याच्या जागा समोर आल्या की बायका नकार देऊन परत येतात, आणि मग कार्यालयात बोललं जातं, "बायकांनाच नको असतं." नको असतं ते पद की तो प्रवास, हे कुणी वेगळं करून बघत नाही. लांबची जागा आली तर लगेच नाही म्हणू नका. बसच्या वेळा बघा, खोली घेऊन आठवड्यात चार रात्री राहता येतं का बघा, दोन वर्षांनी जवळ कुठली जागा रिकामी होतेय तेही बघा. पुरुष शिक्षक हा हिशेब सहज मांडतो, कारण त्याची पोळीभाजी कुणीतरी करणार असतं.

"झेपत नाही" या शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे. सगळं याच शब्दावर चालतं, आणि तो कुणी फोडून बघत नाही. तुमच्या शाळेत वेळापत्रक कोण करतं? परीक्षा विभाग कुणाकडे आहे? निकालपत्रकं, गुणपत्रकं, शिष्यवृत्तीचे अर्ज, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरणं? मी गेली काही वर्षं मुख्याध्यापकांची प्रशिक्षणं घेते, तिथे दर वेळी हे विचारते. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या बाईंचंच असतं, "त्यांचं काम चोख असतं हो" या कौतुकासकट. म्हणजे शाळा चालवण्याचं डोकं लागणारं आणि किचकट असं बरंचसं काम बाई करतेच आहे, फक्त पद आणि सही तिची नाही. मग झेपत नाही ते नेमकं काय? संस्थेच्या बैठकीला रात्री साडेआठपर्यंत थांबणं. वेतन पथकात (पगार काढणाऱ्या सरकारी कार्यालयात) आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात चकरा मारणं. गावातल्या पुढाऱ्यांना सांभाळणं. बांधकामाच्या ठेकेदाराशी घासाघीस करणं. बोर्डाच्या परीक्षेत भिंतीवर चढणाऱ्या पोरांना आवरणं.

यातलं एकही काम बाईच्या अंगाला न झेपणारं नाही. ती कामं पुरुषांच्या सवडीने बेतलेली आहेत, एवढंच. बैठक रात्रीच का? कारण पदाधिकाऱ्यांना दिवसा शेत आणि दुकान असतं, आणि मुख्याध्यापकाला घरी भाकरी थापायची नसते. मी पदभार घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात संस्थेला पत्र दिलं, शालेय कामकाजाची बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर घ्यावी, विषयपत्रिका दोन दिवस आधी मिळावी. आधी कुरकुर झाली. मग त्यांच्याच लक्षात आलं की रात्री दोन तास चालणारी बैठक दुपारी पन्नास मिनिटांत संपते. ती वेळ पुढेही तशीच राहिली.

परीक्षेचं एक सांगते. आमचं दहावीचं केंद्र होतं आणि मी केंद्रसंचालक. "बाई केंद्रसंचालक आहे, यंदा मोकळं रान" असं गावात बोललं जात होतं, ते माझ्या कानावर आलं होतं. मी परीक्षेच्या दहा दिवस आधी पोलीस ठाण्याला, ग्रामपंचायतीला आणि संस्थेला लेखी कळवलं. मागच्या भिंतीलगतच्या तीन खोल्यांत परीक्षार्थी बसवलेच नाहीत, बैठक व्यवस्था पुढच्या इमारतीत हलवली. पहिल्या पेपरला बरीच पोरं मागच्या भिंतीपाशी आली, रिकाम्या वर्गांकडे बघून निघून गेली. काठी, आरडाओरडा, मिशीवर ताव, यातलं काहीच लागलं नाही. लागली ती आधीची तयारी, आणि ती तुम्ही परीक्षा विभागात वर्षानुवर्षं करत आला आहात.

दुसरा प्रश्न, ऐकतील का. सुरुवातीला कमी ऐकतील. हे तुमच्यात काही उणं आहे म्हणून होणार नाही. 'मुख्याध्यापक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते पुरुषाचं असतं, आणि 'बाई' म्हटलं की मायाळू, समजून घेणारी, मागे राहणारी. ही दोन चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. अ‍ॅलिस ईगली आणि स्टीव्हन कराऊ या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये हेच मांडलं: नेतृत्व करणारी स्त्री दोन्हीकडून मार खाते. मऊ वागली तर ती कुवतीची नाही, कडक वागली तर ती बाईसारखी नाही. आपल्या शिक्षक खोलीत याचं साधं मराठी रूप ऐकू येतं. सर रागावले तर "शिस्तीचे आहेत", मॅडम रागावल्या तर "आज घरून भांडून आल्या वाटतं".

पण हे कायम राहत नाही, आणि त्याला आपल्या देशातला पुरावा आहे. पश्चिम बंगालमध्ये पंचायतींत प्रधानपद (आपल्याकडचं सरपंचपद) आरक्षणाने स्त्रियांकडे गेलं, त्याचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. एस्थर डुफ्लो त्यांत होत्या. त्यांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला स्त्रीच्या. ज्या गावांनी महिला प्रधान कधी पाहिलीच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी लेखलं. जिथे महिला प्रधान होऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ उरला नाही. आणि त्यातली मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली गोष्ट: "पुढारी पुरुषच बरा" ही मनातली आवड त्या गावांतही तशी कायम होती. म्हणजे लोकांना तुम्ही आवडू लागाल की नाही, सांगता येत नाही. पण तुमचं काम ते खऱ्या मापाने मोजू लागतात, आणि ते तुम्ही खुर्चीत बसल्यानंतरच. बाहेर उभं राहून कितीही भाषणं दिली तरी हे माप बदलत नाही.

याच अभ्यासाचा पुढचा भाग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे लागोपाठ दोन वेळा महिला प्रधान होती, त्या गावांत मुलामुलींच्या शिक्षणातलं अंतर मिटलं होतं, आणि आईबाप मुलीसाठी बघत असलेली स्वप्नं मोठी झाली होती. त्या प्रधानबाईंनी मुलींसाठी काही खास योजना आणल्या म्हणून हे झालं असं नाही. पोरींना समोर एक बाई कारभार करताना दिसत होती. तुमच्या शाळेतली सातवीची मुलगी रोज सकाळी प्रार्थनेला तुम्हाला कुठल्या जागी उभं पाहते, हा म्हणून लहान प्रश्न नाही.

माझा स्वतःचा पहिल्या वर्षाचा अनुभव मस्टरचा, म्हणजे हजेरीपटाचा आहे. शाळा साडेदहाची. दोन ज्येष्ठ सर पावणेअकराला यायचे आणि साडेदहाची सही करायचे, आधीपासूनची रीत होती. मी कुणाला बोलावून झापलं नाही. दहा चाळीसला मस्टरवर लाल रेघ मारायला लागले, रोज, सगळ्यांसाठी. तिसऱ्या आठवड्यात नाशिकहून येताना माझीच बस ओझरजवळ बंद पडली. अकराला पोहोचले, आणि सगळ्यांसमोर माझ्या नावापुढे लाल शाईने उशिराची नोंद केली. मस्टरवरून त्यानंतर वाद झाला नाही. त्यातले एक सर मात्र पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि मीही त्यांना तेवढाच वेळ दिला. सगळ्यांची मनं जिंकायची ही अपेक्षा बाईकडूनच केली जाते. ती तुम्ही स्वतःकडून करू नका.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यांत जास्त विश्वास आहे ती. शाळेतली बाईपुरुषाबद्दलची दृष्टी भाषणाने घडत नाही, कामवाटपाने घडते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आपण बालिका दिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी बघा काय होतं. पाहुणे पुरुष, अध्यक्ष पुरुष, ओवाळायला दोन मुली, स्वागतगीताला आठ मुली, रांगोळी शिक्षिकांची, चहा शिक्षिकांचा, बाकं मुलगे उचलणार, माइक मुलगे लावणार. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा उघडणाऱ्या बाईंना हार घालून आपण मुलींच्या हातात ताट देतो. पोरं भाषण ऐकत नाहीत, ताट कुणाच्या हातात आहे ते बघतात.

मी पदभार घेतल्यावर जूनमध्ये कामवाटपाचा तक्ता नव्याने केला. स्वागत आणि चहापान समितीत चार सर. क्रीडा, सहल आणि बांधकाम समितीत शिक्षिका. वर्गमंत्री मुलगा आणि उपमंत्री मुलगी ही जी आपोआप लागणारी जोडी असते ती मोडली, दर सत्राला अदलाबदल ठरवली. १५ ऑगस्टच्या रांगोळीचं काम गणिताच्या सरांकडे आलं. ते दोन दिवस नाराज होते. मग आदल्या संध्याकाळी त्यांनी सुतळी आणि खडू आणला, मधोमध खिळा धरून सुतळीच्या टोकाला खडू बांधला, आणि नववीच्या मुलांकडून एकात एक वर्तुळं काढून घेतली. व्यास, त्रिज्या, सहा समान भाग, सगळा धडा अंगणात झाला. पोरं रांगोळी भरत होती आणि सर गुडघ्यांवर बसून कोन मोजत होते. पुढच्या वर्षी त्यांनी ते काम मागून घेतलं.

बाकांचं मात्र इतकं सोपं गेलं नाही. मुलींनीही बाकं उचलायची असं ठरवल्यावर एका मुलीचे आजोबा शाळेत आले. "पोरीच्या जातीला असली ओझी उचलायला लावता?" मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांचा द्राक्षाचा बाग होता. विचारलं, "आजोबा, तोडीच्या वेळी क्रेट उचलते ना ती?" ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते घरचं काम आहे, मॅडम." मला त्या एका वाक्यात बरंच काही कळलं. मुलगी वजन उचलतेच. ते घरचं असेल तर मोजायचं नाही, आणि चारचौघांत असेल तर करू द्यायचं नाही. शिक्षिकांच्या कामाचंही असंच आहे. परीक्षा विभाग हे शाळेचं 'घरचं काम'.

खेळाचा तासही तपासा. मैदानावर मुलगे, आणि मुली लिंबाखाली गप्पा मारत, हे चित्र बहुतेक शाळांत दिसतं. ज्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, त्या जिल्ह्यात मुलींना सावलीत बसवणं मला सहन होत नाही. मैदान दिवस वाटून द्या. मुलींचे दिवस ठरवा, ते वेळापत्रकात छापा.

हे सगळं वरवरचं वाटेल, पण वर्गातल्या चर्चांनीही दृष्टी हलते असा पुरावा आहे. हरियाणात ३१४ सरकारी शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या जवळपास निम्म्या शाळांत सातवीपासून सुमारे अडीच वर्षं स्त्रीपुरुष समानतेवर नियमित तास घेतले. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मुलामुलींच्या प्रतिगामी मतांपैकी सुमारे १६ टक्के बदलली होती, आणि मुलगे घरकामात जास्त हात लावत असल्याचं दिसलं. सोळा टक्के कमी वाटतात? मला वाटत नाहीत. तुमच्या शाळेत मीना राजू मंच (मुलामुलींचा समानतेवर बोलायचा गट) असेल तर तो कागदावरून उठवा, आणि एका सरांकडे द्या, मुद्दाम सरांकडे. पाठ्यपुस्तकंही आता साथ देतात. २०१९ च्या दुसरीच्या बालभारतीत आईवडील दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. हायस्कूलची पोरं ते पुस्तक मागे टाकून आलेली असतात, त्यांना चालतीबोलती उदाहरणं लागतात.

तिसरा प्रश्न, बाई मुख्याध्यापक खरंच वेगळी असते का. यावर मी थोडक्यात बोलते, कारण या प्रश्नात एक सापळा आहे. "बाई आहे म्हणून शाळेला आईची माया मिळेल" असं कौतुकाने म्हणतात, आणि मग रजा नाकारली की तीच मंडळी दुखावतात. अभ्यासांत स्त्रियांची कामाची पद्धत थोडी अधिक सहभागाची आणि दुसऱ्याला वाढवणारी दिसते, पण फरक बारीक आहे. मी उत्तम पुरुष मुख्याध्यापक पाहिले आहेत आणि हुकूमशहा बायकाही. तुम्ही चांगल्या मुख्याध्यापक व्हा, वेगळेपण सिद्ध करण्याचा बोजा घेऊ नका. पद मागायला त्याची गरज नाही. देशातल्या शिक्षकांत आज निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत, तेवढा आधार पुरे. विकसित देशही फार पुढे आहेत असं नाही. ओईसीडी या त्यांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत माध्यमिकच्या खालच्या टप्प्यावर शिक्षकांत स्त्रिया सरासरी ६८ टक्के, आणि मुख्याध्यापकांत ४७.

एक गोष्ट मात्र बाई खुर्चीत असली की लवकर होते, असं मला अनुभवाने वाटतं: न बोलल्या जाणाऱ्या अडचणी टेबलावर येतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. आमच्याकडे कडी नव्हती. मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, आणि ही गोष्ट कितीतरी वर्षं कुणाच्या कानावर गेली नव्हती. दोन कड्या आणि एका पत्र्याच्या डब्याला असा किती खर्च येणार? वेतनेतर अनुदानातून पहिला खर्च मी तो केला. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ महिला आणि निम्म्या सदस्य महिला. बऱ्याच शाळांत ती दर्शनी फलकावर असते आणि सदस्यांनाच माहीत नसते. ती खरोखर बसवा, बाहेरची सदस्य नीट निवडा.

रजेबाबत पुरुषांकडेही बघा. २०१८ पासून मिळणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा महिला कर्मचाऱ्यांना आहे, पुरुषांना पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच. म्हणजे शासनाच्याही मनात मूल हे आईचंच. नियम तुम्ही बदलू शकत नाही, पण एखादे सर मुलाला ताप आहे म्हणून किरकोळ रजा मागायला आले तर "बायको घरी नाही का?" असं विचारू नका, आणि दुसऱ्या कुणाला विचारू देऊ नका.

"बाईच बाईची वैरी" हे तुम्हाला ऐकवलं जाईल. शिक्षिका तुमच्याविरुद्ध बोलतील तेव्हा जास्तच. माझ्या मते ही म्हण आळशी आहे. शाळेत बायकांच्या वाट्याला जर एखादंच मानाचं काम येत असेल, तर त्या एकासाठी ओढाताण होणारच. कामं आणि संधी वाढवल्या की वैर कमी झालेलं मी पाहिलं आहे. तुमच्यानंतर कोण, हे पहिल्या वर्षापासून मनात ठेवा. पुढच्या दोन शिक्षिकांना आणि दोन सरांना शालार्थ या सरकारी संगणक प्रणालीवरचं वेतन देयक, संचमान्यता (पटानुसार शिक्षकांची पदं मंजूर होणं), रोकडवही शिकवा. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली नसेल तर करायला लावा, ते विद्यापीठ आपल्या नाशिकचंच आहे. आपल्याकडे शांताबाई दाणींसारखी बाई होऊन गेली, जिने मुलींच्या शिक्षणाचं काम उभं केलं आणि विधान परिषदेतही बसली. त्या काळात त्यांना कुणी तयार वाट करून दिली नव्हती. आपण एकीला तरी द्यावी.

घरचं. मिस्टर "विचार कर" म्हणतायत तर त्यांच्यासमोर कागद घेऊन बसा. आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी तुम्हाला उशीर होईल, महिन्यात वेतन देयकाचे कोणते दिवस जड जातात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काय होतं, ते लिहा, आणि त्या दिवशी स्वयंपाक कुणाचा तेही लिहा. तोंडी "मी आहे ना" यावर विसंबू नका. दुसरी गोष्ट, शाळेच्या कारभारात त्यांना आणू नका. ठेकेदाराशी बोलायला, संस्थेत निरोप द्यायला मिस्टर गेले की 'सरपंचपती' शाळेत आला असं लोक समजतात, आणि मग प्रत्येक जण तुम्हाला टाळून त्यांच्याशी बोलायला लागतो. सोडायला आले तर फाटकापर्यंत.

३१ मेला पदभार घेताना घाई करू देऊ नका. निरोप समारंभाच्या गडबडीत "सह्या करा, बाकीचं नंतर बघू" असं होतं. रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेची पासबुकं जुळवून घ्या, जडवस्तू नोंदवही (शाळेच्या सामानाची) हातात धरून खोल्या फिरा, सेवापुस्तकं मोजा, जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या दाखल्याच्या नोंदींचं) पान क्रमांकासकट तपासा, पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या मोजून साठा नोंदवहीशी ताडा. जे सापडणार नाही ते यादीत 'आढळले नाही' असं लिहूनच सही करा. आणि चाव्यांचा जुडगा मागून घ्या. माझ्या वेळी त्यात एकतीस चाव्या होत्या, आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटाची नव्हती. ती शिपाईमामांकडे आहे म्हणाले, मामा म्हणाले लिपिकाकडे, लिपिक म्हणाले संस्थेत. मी कपाटाचं कुलूप त्याच दिवशी बदलून घेतलं.